शांतवन मिस्त्रींची बोटमोजणी

संध्याकाळी साडेसहाला शांतवन मिस्त्री कारखान्याच्या फाटकात उभे राहायचे आणि म्हणायचे, "हात वर."

आम्ही अकरा जण ओळीने उभे राहून दोन्ही हात वर करायचो, बोटं फाकवून, पोलिसांनी धरल्यासारखे. मिस्त्री ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत जायचे. कुणाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, फक्त हातांकडे. शेवटच्या माणसापाशी थांबून आकडा सांगायचे, "एकशे दहा." मग फाटक उघडायचं. पाऊस असो, कुणाची पारनेरची बस सुटत असो, आकडा झाल्याशिवाय कडी निघायची नाही. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कंपन्यांच्या गेटवर कामगारांचे डबे तपासतात. आमच्याकडे बोटं तपासायचे. शेजारच्या शेडमधली माणसं कुंपणापाशी येऊन बघायची आणि हसायची.

मी तिथे सहा वर्षं काम केलं. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी तिथे काम करता करता बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून बी.ए. झाले आणि आज पारनेरला एका महाविद्यालयाच्या कार्यालयात दहा बोटांनी टंकलेखन करते. ही दहा बोटं शाबूत आहेत ती मिस्त्रींमुळे, हे मी मनापासून मानते. आणि आमच्यातल्या नामदेवची तीन बोटं गेली, त्यात माझा हात होता. हे मिस्त्रींना कळू नये म्हणून मी तीन वर्षं जीव मुठीत धरून त्यांच्यासमोर हात वर केले. त्यांच्याविषयी लिहायचं तर या दोन्ही गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. आम्ही पुण्याच्या दुकानांसाठी सागवानी देवघरं बनवायचो. मिस्त्री स्वतः ख्रिस्ती, श्रीरामपूरचे, तिथल्या एका मिशनच्या सुतारशाळेत शिकलेले. देवघराचं शिखर किती बोटं उंच असावं, यावर ते पुण्याच्या गिऱ्हाइकांशी भांडायचे आणि जिंकायचे. वय साठीच्या पुढे. अंग वाळलेलं, गाल आत गेलेले, पण हात एखाद्या तरुण माणसाचे वाटावेत असे. काम संपलं की खोबरेल तेलाची बाटली घेऊन फाटकाजवळच्या दगडावर बसायचे आणि एकेक बोट वेगळं चोळायचे, देवाची भांडी घासावीत तसं. "चाळीस वर्षं लाकडात, आणि दहाच्या दहा," असं म्हणायचे. हे वाक्य ते आमच्यासमोर क्वचित म्हणायचे. नगरहून लाकूड घेऊन येणारा एक म्हातारा सुतार होता, त्याचा उजवा अंगठा नव्हता. तो आला की मिस्त्री मुद्दाम पुढे होऊन हात द्यायचे, "या, हात मिळवा," आणि त्याचा चार बोटांचा पंजा बराच वेळ सोडायचे नाहीत. तेव्हा हे वाक्य हमखास यायचं.

त्यांनी कुणाला नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. एकाला ते चष्मा म्हणायचे, एकाला ढेरी, कमी ऐकू येणाऱ्या एकाला बहिरा. मी कामावर पुस्तक घेऊन जायची म्हणून मी 'कॉलेज'.

देवघर हे मोठं काम वाटतं, पण ते सगळं लहान तुकड्यांचं असतं. कमान तळहाताएवढी, खांब बोटाएवढे, वरचे कळस लिंबाएवढे. त्यांच्या कडांना नक्षी पाडायला राऊटर लागतो. आमचा राऊटर टेबलाखाली उलटा बसवलेला होता. टेबलाच्या भोकातून त्याचं पातं वर आलेलं असायचं आणि ते इतकं जोरात फिरायचं की फिरताना दिसायचंच नाही. मोठी फळी त्यावरून सरकवताना काही वाटत नाही. लहान तुकडा मात्र पात्याला लागला की चिमटीतून निसटून उडतो, आणि तो जिथे होता तिथे बोट जातं.

मिस्त्रींचा नियम एकच होता. लहान तुकडा हातात धरायचाच नाही. रुंद फळी घ्यायची, तिला गोंद लावायचा, त्यावर वर्तमानपत्राचा एक सलग कागद, कागदावर पुन्हा गोंद, आणि त्यावर आठ कमानी ओळीने, फळीच्या कडेबाहेर जराशा डोकावणाऱ्या. कमानींना लागून तेवढ्याच जाडीची एक टाकाऊ पट्टी चिकटवायची, म्हणजे फळी कलंडत नाही. त्या पट्टीला मिस्त्री 'शेजारी' म्हणायचे. तीन-चार तास वजनाखाली ठेवायचं. मग फळी पालथी करून दोन्ही हातांनी वरून धरायची आणि राऊटरवरून सरकवायची. तुकडे खाली, हात वर, मध्ये फळी. काम झालं की कागदाच्या थरात पटाशी घालून एक ठोका द्यायचा. कागद मधोमध फाटतो आणि कमान अलगद सुटते. तिच्या पाठीवर अर्ध्या बातम्या उरतात, त्या ओल्या फडक्यानं काढायच्या.

हे कागद-गोंदाचं काम माझ्याकडे होतं. कागद लावता लावता मी वाचत बसायची. एकदा मिस्त्रींनी पाहिलं. "वाचायचंय? मग मोठ्यानं वाच. सगळ्यांना कळू दे कॉलेज काय वाचतंय ते." तेव्हापासून रोज सकाळी मला गोंद लावताना मोठ्यानं वाचावं लागायचं. अडखळले की ते तीच ओळ पुन्हा वाचायला लावायचे, सगळे खदखदून हसेपर्यंत. नोकरीच्या मुलाखतीत मला एक परिच्छेद वाचायला दिला होता. मी तो न अडखळता वाचला. त्याचं श्रेय कुणाला द्यायचं, हे मला माहीत आहे.

नव्या माणसाची परीक्षा ठरलेली होती. काड्यापेटीएवढा सागाचा तुकडा पुढे धरून मिस्त्री विचारायचे, "ह्याची कड मारायची हाय. कसा धरशील?" जवळजवळ प्रत्येक जण म्हणायचा, "हातानं." कुणी म्हणायचा, "घट्ट." मग मिस्त्री त्याचा हात टेबलावर पालथा ठेवायचे, जाड काळा मार्कर घ्यायचे आणि मधल्या तीन बोटांवरून आडवी रेघ मारायचे. "हितनं जातील. शनिवारपर्यंत पुसायची न्हाई." रोजच्या मोजणीत ते रेघही बघायचे. पुढेही कुणी एखादा तुकडा हातात धरलेला दिसला की त्याला पुन्हा रेघ. माणसं ती रेघ घेऊन बसमध्ये बसायची, पोरांना उचलायची, जेवायची.

मला विचारलं तेव्हा मी घाबरून म्हणाले, "मी नाही धरणार." मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. मग मार्करचं टोपण लावलं. अकरा जणांत रेघ न लागलेली मी एकटीच होते. याचा मला अभिमान होता.

ढेरीचा प्रसंग पहिल्या वर्षातला. एकच कळस राहिला होता. एका कळसासाठी कोण फळी चिकटवत बसणार, म्हणून त्यानं तो चिमटीत धरून कड मारली. मिस्त्रींनी पाहिलं, पण काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून दोन गाजरं आणली, सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं आणि ढेरीला लांब दांडीच्या पक्कडीत गाजर धरून पात्यावर न्यायला सांगितलं. दुसऱ्या वेळी गाजर फुटलं. केशरी चुरा छताला, केसांत, माझ्या वहीवर. मिस्त्रींनी राऊटर बंद केला आणि त्याला खाली पडलेले सगळे तुकडे वेचायला लावले, भुशासकट.

"खा," ते म्हणाले.

ढेरीला वाटलं थट्टा आहे. तो हसला.

"बोट असतं तर कुत्र्यानं खाल्लं असतं. हे तरी तू खा."

त्यानं खाल्ले. भुसा थुंकत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आम्ही सगळे बघत होतो, आणि खरं सांगायचं तर आमच्यातले निम्मे हसत होते. मीही.

शेडच्या मागे दोन खोल्यांत मिस्त्री आणि त्यांची बायको राहायचे. दोघं मुलगे पुण्यात. मार्थाकाकू चार वाजता आम्हाला चहा आणायच्या. त्या मिस्त्रींच्या अगदी उलट होत्या, असं काही मी म्हणणार नाही. त्याही कमी बोलायच्या. पण चहा देताना त्या प्रत्येकाला नावानं हाक मारायच्या. दिवसभरात आपलं नाव ऐकू यायची ती एकच वेळ.

राऊटर चालवायचा नामदेव. पारनेरकडचा, तिशीचा, गप्प स्वभावाचा, हात अगदी स्थिर. त्याचा साखरपुडा शुक्रवारी होता आणि बुधवारी त्यानं घाईत एक खांब हातानं धरला. लगेच रेघ. तो बिचारा दिवसभर हात पाठीमागे घेऊन फिरत होता. अंगठी घालताना सगळ्यांची नजर बोटांवरच जाणार. चार वाजता काकूंनी त्याला मागच्या दारी बोलावलं आणि तेल-लिंबू चोळचोळून रेघ पुसून टाकली. साडेसहाला मोजणीत मिस्त्री त्याच्यापाशी थांबले. खिशातून मार्कर काढला आणि त्याच जागी रेघ मारली, आधीपेक्षा दुप्पट जाड. खोलीच्या दारात काकू उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघत मारली. शुक्रवारी मुलीच्या मामांनी विचारलं, तेव्हा नामदेवनं कंपनीची खूण आहे म्हणून सांगितलं. तेव्हापासून मिस्त्री त्याला 'नवरदेव' म्हणू लागले. काकू तीन दिवस मिस्त्रींशी बोलल्या नाहीत. मिस्त्रींना ते जाणवलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही.

पुढच्या वर्षी काकूंच्या किडन्या गेल्या, आणि मग काकूही गेल्या. श्रीरामपूरच्या दफनभूमीत त्यांना ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी नेहमीच्या वेळेला शेड उघडली. संध्याकाळी आकडा झाला, एकशे दहा. चहा त्या दिवसापासून बंद झाला.

आता मी त्या दिवसाकडे येते.

काकूंचा पहिला स्मरणदिन दसऱ्याच्या तोंडावर आला. मिस्त्री पहाटेच्या एसटीनं श्रीरामपूरला गेले होते. दुपारपर्यंत आठ कमानी व्हायलाच हव्या होत्या, कारण संध्याकाळी पुण्याचा टेम्पो येणार होता. जुन्या कागदांचा गठ्ठा आदल्या दिवशी संपला होता. होता तो त्या दिवशीचा एक अंक. त्याची बाकीची पानं मी सकाळीच खांबांना वापरली. शेवटचं पान उलगडलं तर मधोमध मार्थाकाकू. मुलांनी पाव पान जाहिरात दिली होती. वर क्रूस, खाली नातवंडांची नावं, आणि मध्ये काकूंचा लग्नाकार्यातला, दागिने घातलेला फोटो.

मी नामदेवला बोलावलं. त्यानं पान हातात घेतलं, पुन्हा खाली ठेवलं.

"काकू हायेत ह्या."

फोटो बरोबर कमानींखाली येतोय आणि फाडून बाजूला करावा तर कागद सलग राहत नाही, असं मी त्याला सांगितलं.

"ज्या बाईनं माझ्या बोटावरची रेघ पुसली, तिच्या तोंडाला मी गोंद फासू? ते न्हाई जमायचं."

अंकात एका कापडदुकानाचं रंगीत पत्रक घातलेलं होतं, साड्यांच्या सेलचं. जाड आणि चकचकीत. नामदेवनं तेच पुढे केलं. हे धरेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला की एकदाच तर आहे, मिस्त्री यायच्या आत उरकू. चकचकीत कागद गोंद पीत नाही, हे मला कामाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं होतं. मला ते ठाऊक होतं. तरी मी गोंद लावला, पत्रक पसरलं, आठ कमानी आणि त्यांचा शेजारी बसवला, वजन ठेवलं. काकूंचं पान घडी घालून, फोटो वर येईल असं, भिंतीतल्या कप्प्यात ठेवलं. आपण काहीतरी चांगलं केलं असंच मला तेव्हा वाटलं.

बाराच्या सुमारास मी नळावर हात धूत होते. राऊटरचा आवाज बदलला. पाठोपाठ पत्र्यावर टण् करून काहीतरी आदळलं. ती कमान होती. शेजारीही तिच्याबरोबर सुटला होता, त्यामुळे फळी पुढच्या बाजूनं खाली बसली आणि तिच्या कडेवर असलेला नामदेवचा डावा हात पात्यावर गेला. तो ओरडला नाही. "बंद करा," एवढंच म्हणाला. चष्म्यानं बटण बंद केलं. माझी ओढणी त्याच्या हाताला गुंडाळली आणि शेजारच्या शेडमधला टेम्पो काढून त्याला नगरला नेलं.

मिस्त्री तीन वाजता आले. पांढरा सदरा, पायांवर धूळ. रक्त भुशानं झाकलं होतं, पण त्यांनी आधी भुशाकडेच पाहिलं.

"किती?"

"तीन," चष्मा म्हणाला. "डाव्या हाताची. मधली."

त्यांनी फळी उचलली. पत्रकाचा कोपरा नखानं धरून ओढला. दुधावरची साय निघावी तसं ते अख्खं निघून आलं, साड्यांसकट. "कुणी लावलं?" मी भिंतीकडे बघत होते. मग त्यांची नजर कप्प्यावर गेली. त्यांनी पान उलगडलं आणि ते बराच वेळ धरून उभे राहिले. मला वाटलं आता ते खाली बसतील.

"म्हणून?" त्यांनी विचारलं.

ढेरीनं मान हलवली.

"हिला काय झालं असतं?" मिस्त्री म्हणाले. "ही मेलेलीच हाय."

त्यांनी गोंदाचा डबा घेतला. दुसऱ्या फळीला गोंद लावला, त्यावर ते पान पसरलं, तळहातानं मधून बाहेर सपाट केलं, सुरकुती राहू नये म्हणून. मग काकूंच्या तोंडावर गोंदाचा हात फिरवला आणि आठ नवीन कमानी एकेक करून दाबून बसवल्या. एक कपाळावर, एक तोंडावर, बाकीच्या नातवंडांच्या नावांवर. मला म्हणाले, "कॉलेज, वजन ठेव." मी ठेवलं. टेम्पोवाल्याला त्यांनी थांबवून घेतलं, सहा वाजता स्वतः राऊटर चालवला, पटाशीनं आठही कमानी सोडवल्या. प्रत्येकीच्या पाठीवर थोड्या थोड्या काकू होत्या. मिस्त्रींनी त्या ओल्या फडक्यानं घासून काढल्या, घाई न करता, शेवटचा ठिपका जाईपर्यंत. त्या कमानींचं देवघर त्याच रात्री पुण्याला गेलं. कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये त्यात आजही दिवा लागत असेल.

साडेसहाला ते फाटकात उभे राहिले. "हात वर." आम्ही दहा जण. माझ्या बोटांच्या बेचक्यांत वाळलेला गोंद होता. मी बोटं शक्य तितकी फाकवली.

"शंभर," ते म्हणाले. आणि कडी काढता काढता, "दवाखान्यात सात."

तिसऱ्या दिवशी ते नामदेवला भेटायला गेले. तिथे काय झालं ते नामदेवनंच मला पुढे सांगितलं. मिस्त्रींनी विचारलं की कागद कुणी लावला. नामदेव म्हणाला, मी. मिस्त्री "बरं" म्हणाले. मग पट्टी बदलायला आलेल्या नर्सला त्यांनी थांबायला सांगितलं, वाकून हाताकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "रेघंवरच की रं बरोबर." आणि निघून आले.

नामदेव तीन महिन्यांनी कामावर परत आला. मिस्त्रींनी त्याची जागा ठेवली, त्याला पुन्हा राऊटरवर उभं केलं, म्हणून वसाहतीत सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. मिस्त्रींनी त्याच्यासाठी सागाची एक मूठ केली होती, पट्ट्यानं मनगटाला बांधायची, तिला तीन उंचवटे, फळी दाबून धरायला. मूठ इतकी चांगली बसली होती की नामदेवच्या फळीला पुन्हा कधी झोल आला नाही. पण नवा माणूस परीक्षेला आला की मिस्त्री मार्कर उघडून हाक मारायचे, "नवरदेव, हिकडं ये. रेघ कुठं मारायची ते ह्याला दाखव." नामदेव मूठ सोडून हात टेबलावर ठेवायचा. संध्याकाळी तो उजव्या हाताबरोबर मूठ घातलेला डावा वर करायचा. पहिल्याच दिवशी मिस्त्री त्याच्यापुढे थांबून म्हणाले, "लाकडाची मोजत न्हाई." तेव्हापासून आकडा एकशे सात.

एकशे सात. रोज संध्याकाळी, तीन वर्षं. दर वेळी मला वाटायचं, आज ते माझ्यापाशी थांबतील. एकदा मी नामदेवला म्हणाले की मी सांगून टाकते. तो मूठ तेलानं पुसत होता.

"सांगून बोटं उगवणार हायेत का? तुझं कॉलेज मात्र जाईल. गप ऱ्हा."

मी गप्प राहिले. त्याच्या चांगुलपणावर मी बी.ए. झाले.

शेवटच्या परीक्षेसाठी मी काम सोडलं. माझ्या जागी दुसरी बाई आली. निकाल लागला, पारनेरची नोकरी मिळाली, सोमवारी रुजू व्हायचं होतं. त्याआधी पेढे घेऊन मी सुप्याला गेले. पेढे द्यायचे होते आणि मिस्त्रींना खरं सांगायचं होतं. आता माझं कोणी काही काढून घेऊ शकत नव्हतं, म्हणून ते धैर्य आलं होतं, हेही मला कळत होतं.

मी पोहोचले तेव्हा साडेसहा वाजत आले होते. सगळे ओळीने उभे राहत होते. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. मिस्त्रींनी तो उघडून न बघता दगडावर ठेवला.

"पास?"

"हो. पहिला वर्ग."

"मग तिकडं काय उभी राहिलीस? ओळीत ये. हात वर."

सगळे हसले. मीही हसत नामदेवच्या शेजारी उभी राहिले आणि हात वर केले. मिस्त्री त्या टोकापासून निघाले. ढेरी, बहिरा, चष्मा, नवी बाई. नामदेवपाशी आले आणि मग माझ्यापाशी थांबले. त्यांनी खिशातून मार्कर काढला.

"पयल्या दिवशी तुझी ऱ्हायली हुती," ते म्हणाले, आणि माझा डावा हात धरला.

मी बोलायला तोंड उघडलं. ते रेघ मारत राहिले, करंगळीजवळच्या बोटापासून, सावकाश.

"नवरदेव गोंद लावतो तो कडंला सांडतो. त्या पत्रकाखाली सांडला नव्हता. तुझा सांडत न्हाई."

"तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"नख लावलं तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

मिस्त्रींनी मार्करचं टोपण लावलं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं असेल.

"बोललो असतो तर तू रडली असतीस. ह्यानं माफ केलं असतं. सुटली असतीस तू."

मी नामदेवकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात अजून वर होते. तो समोर फाटकाकडे बघत होता. "मिस्त्री," तो म्हणाला, "आकडा सांगा. माझी बस जाईल."

मिस्त्री ओळीच्या टोकाला गेले.

"एकशे चौदा."

चष्म्यानं मनातल्या मनात हिशोब केला. आज बारा जण आहोत मिस्त्री, तो म्हणाला, नामदेवची तीन वजा केली तर एकशे सतरा होतात.

"मी मोजलीत," मिस्त्री म्हणाले.

सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, आणि मग एकेकानं आपले हात खाली घेतले. मिस्त्रींनी कडी काढली. "शनिवारपर्यंत पुसायची न्हाई," ते माझ्या पाठीमागून म्हणाले. कोणत्या शनिवारपर्यंत, हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

बसमध्ये नामदेव पुढच्या बाकावर बसला. मी मागे दांडा धरून उभी राहिले. बस वसाहतीच्या वळणावर आली तेव्हा शेडचं फाटक दिसलं. मिस्त्री दगडावर बसले होते. शेजारी माझा पेढ्यांचा पुडा तसाच बांधलेला. मांडीवर तेलाची बाटली. ते उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात करून एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत चोळत होते. बस वळेपर्यंत त्यांची चार झाली होती. राहिलेली सहा त्यांनी सावकाश केली असतील.